विंचवाचं बिऱ्हाड ट्रकच्या पाठीवर



आपल्या या पानावर घराचे नाना प्रश्न येतात. या वेळचं घर मात्र चाकांवरचं आहे. अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे की, यजमानांच्या मनात मोठा पिकअप ट्रक आणि त्याच्या पाठीवर बसवायचा मोठ्यात मोठा कॅम्पर घ्यायचं आलं आहे. डोंगरातल्या कच्च्या वाटांनी हिंडायचं, रानात मुक्काम करायचा. दोन मुलं आहेत. उन्हाळ्यात सासूबाई-सासरे भारतातून येतात, त्यांनाही न्यायचं. विक्रेता म्हणतो, ही गाडी कुठेही जाते. घरातली बरीचशी शिल्लक यात जाणार, तेव्हा हे करावं की नाही?

तुमच्यापैकी अनेकींच्या मुली-सुना आज तिकडे नांदताहेत. शिवाय आपल्या घरात किती भरावं आणि किती नको, हा प्रश्न दादर-डोंबिवलीतही सुटलेला नाही. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

कॅम्पर म्हणजे काय?

पिकअप ट्रक म्हणजे पुढे बसायची केबिन आणि मागे उघडा हौदा. या हौद्यात एक अख्खी खोली बसवायची, तो कॅम्पर. त्यात शेगडी, मोरी, फ्रिज, पाण्याची टाकी, संडास आणि केबिनच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. त्यांच्यावर खोली उचलून धरायची आणि ट्रक खालून काढून घ्यायचा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसंच. फक्त हा विंचू बिऱ्हाड उतरवूनही ठेवू शकतो.

जॉन स्टाइनबेक हा नामवंत लेखक १९६० साली असाच कॅम्पर घेऊन आपल्या कुत्र्यासह अमेरिकाभर फिरला. गाडीचं नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून ‘रोसिनान्ते’ ठेवलं होतं. ती गाडी कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावी त्याच्या स्मारक-संग्रहालयात ठेवलेली आहे. एक माणूस, एक कुत्रा, एक पलंग, एक शेगडी, इतकंच ते घर. आज मिळणारे मोठे कॅम्पर त्या मानाने बंगले आहेत. बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. स्नानघर वेगळं, सोफा वेगळा. प्रदर्शनात पाहिलं की कुणाचंही मन मोहावं. पण प्रदर्शनाचा हॉल सपाट असतो, डोंगर नसतो!

‘कच्चा रस्ता’ म्हणजे नेमका कुठला?

पहिल्यांदा यजमानांना हे विचारा. कारण कच्च्या रस्त्यांत तीन जाती आहेत.

पहिली जात म्हणजे मुरूम टाकून सारखा केलेला रस्ता. पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारच्या मालकीच्या लक्षावधी एकर मोकळ्या जमिनी आहेत. तिथे बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. अशा पुष्कळ जागा या साध्या रस्त्यावर असतात. हळू चालवलं तर मोठा कॅम्परही इथे जातो.

दुसरी जात म्हणजे पत्र्याच्या छपरासारखे आडवे उंचवटे पडलेला रस्ता, किंवा वाळूचा. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, आपोआप सरकणाऱ्या दगडांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोरड्या तळ्याकडे जाणारा सुमारे २७ मैलांचा रस्ता असाच आहे. दगड इतके धारदार की टायर फाटणं ही तिथली नेहमीची गोष्ट. इथे मोठा कॅम्पर जाईलही, पण आतलं घर खिळखिळं होईल.

तिसरी जात म्हणजे कड्याच्या पोटातून खोदलेली, एका गाडीपुरती, खडकांच्या पायऱ्यांची वाट. कोलोरॅडोच्या सॅन वान डोंगरात खाणींच्या काळातल्या जुन्या वाटांचा ‘अल्पाइन लूप’ नावाचा सुमारे ६५ मैलांचा फेरा आहे. त्यातल्या दोन खिंडी १२,००० फुटांच्याही वर. समोरून गाडी आली तर एकीला मागे मागे जात जागा द्यावी लागते. इथे मोठा कॅम्पर नेणं म्हणजे गोदरेजचं कपाट डोक्यावर घेऊन जिना चढणं. ही वाट त्याची नव्हे.

विक्रेत्याचं ‘कुठेही’ हे पहिल्या जातीपुरतं खरं असतं. यजमानांच्या डोळ्यांसमोरचं चित्र बहुधा तिसऱ्या जातीचं असतं. सगळा घोटाळा इथेच होतो.

आता वजनाचा हिशोब

आपण बायका महिन्याचा हिशोब मांडतो, तसा हा मांडायचा. वही-पेन्सिल घ्या.

ट्रकच्या चालकाच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त भार नको, तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’, ‘एक टन’ या तिकडच्या ट्रकच्या नावांवर जाऊ नका. ती जुन्या काळची नावं आहेत. एकाच नावाच्या दोन ट्रकांच्या चिठ्ठ्या वेगळ्या निघतात. जो ट्रक घ्यायचा, त्याच्याच दाराची चिठ्ठी वाचायची.

समजा, ‘एक टनी’ ट्रकच्या चिठ्ठीवर ३,८०० पौंड लिहिलं आहे. कॅम्पर मोठा, कंपनीच्या पत्रकात त्याचं ‘कोरडं’ वजन ३,४०० पौंड. यजमान म्हणतील, बघ, ४०० पौंड शिल्लक! पण कोरडं वजन म्हणजे पाणी नाही, गॅस नाही, माणूस नाही की चमचा नाही. आता आपण घर भरू या.

पाणी ५० गॅलन. अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटरला थोडं जास्त, वजन ८.३४ पौंड. म्हणजे सुमारे ४१७ पौंड. दोन टाक्यांतला गॅस ४० पौंड. एअर कंडिशनर, जादा बॅटऱ्या, दारावरची छत्री वगैरे मागाहून बसवलेल्या वस्तू २०० पौंड. आईवडील आणि दोन मुलं मिळून ५०० पौंड. कपडे, अंथरुणं, भांडी, तांदूळ-डाळी, खुर्च्या, मुलांची खेळणी, हत्यारं ४०० पौंड. बेरीज करा: ४,९५७ पौंड!

चिठ्ठीपेक्षा १,१५७ पौंड जास्त. आपल्या भाषेत सांगायचं तर सव्वापाचशे किलो, म्हणजे पाच क्विंटलांहून जास्त तांदूळ. आणि सासूबाई-सासरे अजून गाडीत बसलेलेच नाहीत.

यावर उत्तर मिळतं की, मागच्या स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या बसवून घेऊ. पिशव्यांनी गाडीची मागची बाजू उचलली जाते, गाडी सरळ दिसते. पण चिठ्ठीवरचा आकडा त्याने बदलत नाही. ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, चाकं तीच. फुगलेल्या पोटावर कमरपट्टा आवळला म्हणून वजन उतरत नाही, तसंच हे.

याच ट्रकवर छोटा, छत वर करता येणारा ‘पॉप-अप’ कॅम्पर घेतला तर? असे कॅम्पर साधारण १,००० ते १,५०० पौंडांचे असतात. १,४०० धरू. पाणी २० गॅलन म्हणजे १६७, गॅस २०, वरच्या वस्तू १००, माणसं ५००, सामान ३००. बेरीज २,४८७. चिठ्ठीच्या आत १,३१३ पौंड राहून! अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, ते हेच.

उंची, रुंदी आणि टायर

मोठा कॅम्पर ट्रकवर चढला की जमिनीपासून उंची १२-१३ फुटांवर जाते. उंच आणि जड वस्तू डोलते. डांबरी रस्त्यावर वळणात तिचं डोलणं जाणवतं. पण एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असलं, की तेच डोलणं जिवावरचं होतं. म्हणून वजनाइतकंच वजन कुठे आहे, हेही महत्त्वाचं. कॅम्परवर गुरुत्वमध्याची खूण केलेली असते. तो ट्रकवर बसवल्यावर ही खूण मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आली पाहिजे. मागे गेली तर पुढची चाकं हलकी होतात आणि सुकाणू हाताला लागत नाही. मोठ्या कॅम्परचा मागचा भाग बराच बाहेर आलेला असतो. ओढ्यातून चढताना तोच आधी जमिनीला घासतो.

झाडांच्या फांद्यांचं तर विचारूच नका. युटाह राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात १९३० साली खुला झालेला एक लांब बोगदा आहे. त्याची कमान बाजूंना उतरती असल्याने ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी आपल्या लेनमध्ये मावतच नाही. म्हणून मोठ्या गाड्यांवर तिथे निर्बंध आहेत. म्हणजे डोंगर राहू द्या, पक्क्या रस्त्यावरही काही दारं मोठ्या घराला बंद असतात. निघण्यापूर्वी उद्यानाचे चालू नियम पाहूनच मार्ग ठरवावा.

टायरची गंमत ऐका. वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करतात. टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते. पण हवा कमी केली की टायरची भार पेलण्याची ताकदही उतरते. म्हणजे गाडी जितकी जड, तितकी हवा कमी करायला मुभा थोडी. वाळूत ज्या युक्तीची गरज, तीच युक्ती जड गाडीला वापरता येत नाही! मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेला ट्रक घेतला तर भार पेलतो, पक्क्या रस्त्यावर स्थिरही राहतो. मात्र अरुंद चाकोरीत तो बसत नाही आणि जोडचाकांच्या मध्ये दगड अडकतात.

आतला संसार

आता आपल्या प्रांतात येऊ. खडबडीत रस्त्यावर आतल्या घराला तासन्‌तास भूकंप होत असतो. फडताळांना नुसती चुंबकाची कडी पुरत नाही, दाबून बसणारी खिट्टी हवी. काचेच्या बरण्या घरी ठेवा. लोणचं-तूप फिरकीच्या झाकणाच्या डब्यांत, आणि प्रत्येक डबा टॉवेलात गुंडाळून. जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर. डाळ-तांदूळ वरच्या कपाटात ठेवलेत तर गाडीचं डोकं आणखी जड होईल. सरकत्या भिंती, मोरीचे नळ, छताचे सांधे यांनाही हाच हादरा बसतो. सांधे उघडले की पाऊस आत झिरपतो, आणि लाकडी सांगाडा असेल तर आतून कुजतो. वर्षातून दोनदा शिडी लावून छपराचे सांधे पाहावेत, फट दिसली की लगेच भरावी. आपण पावसाळ्यापूर्वी कौलं चाळायचो, तसंच हे.

उंचीवर स्वयंपाकाला कुकर हवाच. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. कोलोरॅडोतल्या उरे गावी, सुमारे ७,८०० फुटांवर, ते ९२ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. लेडव्हिल गाव १०,००० फुटांच्या वर आहे, तिथे ९०. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी कण राहतो. कुकरला एक-दोन शिट्ट्या जास्त द्या, गॅसही वाचेल. शिट्टी होताना छपराचा झरोका उघडा ठेवा, नाहीतर वाफ भिंतींवर बसून रात्रभर थेंब गळतील.

गॅसबद्दल दोन शब्द. तिकडच्या टाक्यांत प्रोपेन असतो. तो कडक थंडीतही वायू होतो, म्हणून शेगडी पेटायला अडचण येत नाही. पण अडचण नसली तरी धोका असतो. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून बसू नका. बंद खोलीत विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. कार्बन मोनॉक्साइडची आणि गॅसगळतीची, अशा दोन्ही सूचना-घंटा चालू आहेत ना, हे प्रत्येक सहलीआधी पाहा. गाडी चालू करण्यापूर्वी टाकीची चावी बंद करा.

गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज घेतलात तर गाडी सपाट जागी उभी असावी लागते. उतारावर तो नीट थंड करत नाही आणि खराबही होतो. बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजला ही कटकट नाही. रानात सपाट जागा शोधत बसण्यापेक्षा दुसरा बरा.

आणि पाणी! दुष्काळी गावात उन्हाळा काढलेल्या बाईला हे शिकवायला नको. २० गॅलन म्हणजे ७५ लिटर. चौघांना पिणं, स्वयंपाक आणि भांडी यांसाठी काटकसरीने दोन-तीन दिवस पुरतं. भांडी आधी कागदाने पुसून घ्या, मग थोड्या पाण्यात विसळा. आंघोळ तांब्याने. संडासाची टाकी मात्र नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची, रानात मुळीच नाही.

आजी-आजोबा आणि मुलं

कॅम्पर मोठा घेतला म्हणून त्यात बसायच्या जागा वाढत नाहीत. चालत्या गाडीत सगळ्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये पट्टा लावून बसायचं. केबिनमध्ये बहुधा पाच जागा. पुढची बैठक सलग असली तर सहा. चार तुम्ही आणि दोन ज्येष्ठ माणसं म्हणजे सहा. कच्च्या रस्त्यावर कुणालाही मागच्या खोलीत बसवू नका, मग नियम काहीही असोत.

मोठ्या कॅम्परचं दार जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच असतं. पायऱ्या उभ्या आणि अरुंद असतात. केबिनवरच्या पलंगावर तर शिडीने चढून सरपटत जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना रात्री दोनदा उठायचं असेल तर त्यांचे हाल कोण पाहणार? त्या बिचाऱ्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून बोलणार नाहीत. म्हणून तुम्ही बोला. आजी-आजोबांसाठी जवळच्या गावात साधी खोली घ्या, दिवसा सगळे एकत्र भटका आणि रात्री त्यांना नीट झोपू द्या. १०,००० फुटांवर मुक्काम करायचा तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा.

मग मोठा घेऊच नये का?

तसं नाही. जे पक्क्या आणि मुरमाच्या रस्त्यांनी फिरतात, एका जागी आठ-पंधरा दिवस राहतात, थंडीतही निघतात, अशा दोघांसाठी मोठा कॅम्पर उत्तम. मात्र ट्रक त्याच्या तोलाचा हवा. पॉप-अपच्या कापडी भिंती गारठ्यात आणि वाऱ्यात ऊब धरत नाहीत, आतून ओलावा धरतात. यलोस्टोन उद्यानातल्या फिशिंग ब्रिज तळावर तर अस्वलांच्या भीतीमुळे कापडी भिंतींच्या गाड्यांना मुक्कामच करू देत नाहीत. दोन्हींच्या मधला रस्ताही आहे: टणक भिंतींचा, पण छोटा, सरकत्या भिंती नसलेला कॅम्पर.

आणखी एक सोय पाहा. मोठा कॅम्पर असला तर तो तळावर सपाट जागी जॅकवर उतरवून ठेवायचा आणि रिकामा ट्रक घेऊन दिवसभर अवघड वाटा पाहून यायचं. कॅम्पर असा उतरवून ठेवायला चालतो का, हे तळावर आधी विचारून घ्यावं.

पैसे मोजण्यापूर्वी एवढं करा:

१. दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी स्वतः वाचा. आकडा वहीत लिहून आणा.

२. कॅम्परचं ‘कोरडं’ नव्हे, भरलेलं वजन काढा. विक्रेत्याकडून मागाहून बसवलेल्या वस्तूंची वजनं लेखी घ्या.

३. विकत घेण्याआधी तसाच कॅम्पर चार दिवस भाड्याने घेऊन पाहा. त्यात स्वयंपाक करा, पाऊस पडत असताना चौघं आत बसून पाहा.

४. घेतल्यावर सगळं सामान, पाणी आणि माणसं भरून महामार्गावरच्या ट्रक-थांब्याच्या वजनकाट्यावर न्या. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं घ्या.

५. पहिली सहल घरापासून दोन तासांच्या आत, साध्या मुरमाच्या रस्त्यावर.

आमच्या डेन्व्हरच्या भगिनीला माझा सल्ला असा: मुलं लहान आहेत आणि यजमानांना डोंगरातल्याच वाटा हव्या आहेत, तर घर छोटं घ्या आणि चिठ्ठीच्या आत राहा. उरलेल्या पैशांतून चांगले टायर, एक पूर्ण मापाचा जादा टायर आणि आजी-आजोबांच्या खोलीचं भाडं सुटेल. मोठंच घर हवं असेल तर मग डोंगराची हौस सोडा आणि सरळ रस्त्याने सुखाने फिरा. दोन्ही हौशी एकाच गाडीवर लादल्या की भार गाडीला सोसत नाही, आणि घरालाही.

हा हिशोब यजमानांसमोर वादासाठी ठेवू नका. दोघांनी एकत्र बसून बेरीज करा. आकडे आपले आपण बोलतात.

पुढच्या अंकात: पावसाळ्यात गाद्या-उशांना येणारा कुबट वास आणि त्यावरचे घरगुती उपाय.